उतार लागायच्या आधी

रविवार, 2 नोव्हेंबर 2025, रात्र

आज चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेतात ते. गेली चार वर्षं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो भाकरीचा तुकडा हातात आला की पोटात गोळा यायचा, कारण बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथच्या ख्रिस्ती लोकांना स्पष्ट लिहिलंय की आधी स्वतःची परीक्षा करा मग खा, आणि मी परीक्षा करायचोच नाही, डोळे मिटून नवस बोलल्यासारखं म्हणायचो, प्रभू ही शेवटची वेळ. आज तसं काही म्हटलं नाही. नुसता खाल्ला, आणि रडू आलं.

सवय ऑनलाइन रमीची. घरात सगळे झोपले की बाथरूममध्ये जाऊन बसायचं, बँकेचा मेसेज आला की आधी तो डिलीट, मग हिला वाटावं पोट बिघडलंय म्हणून फ्लश करून बाहेर यायचं. हिने काळजीने दोनदा ओव्याचं पाणी उकळून दिलं आणि मी ते तिच्यासमोर प्यायलो. किती पैसे गेले ते मोजून झालंय, पण ते पाणी अजून घशाखाली उतरलेलं नाही.

ऑगस्टमध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदीचा कायदा केला, 22 तारखेला राष्ट्रपतींची सही झाली, ॲपवरचे पैशाचे डाव बंद. मी गुडघे टेकून आभार मानले, वाटलं सुटलो. सप्टेंबरात आशिया कप लागला आणि ओळखीतल्या एकाने टेलिग्रामवर सट्ट्याची लिंक पाठवली, तीन मॅचमध्ये 3,500 गेले. म्हणजे ॲप गेलं पण माझ्या आतलं काहीच गेलं नव्हतं. त्या रात्री बायबलातल्या पौलाच्या रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय काढला. नियमशास्त्र, म्हणजे देवाने दिलेल्या आज्ञा, पवित्रच आहे, पण ते पाप दाखवतं, उपटून काढत नाही. जे करायचंय ते होत नाही आणि नको तेच हातून होतं, हे संडे स्कूलपासून पाठ आहे. (काही पाळक, म्हणजे चर्चचे पास्टर, म्हणतात हा पौलाचा ख्रिस्ताकडे येण्याआधीचा अनुभव, असेलही.) पण एक गोष्ट त्या रात्री पहिल्यांदा दिसली, की पौलाने हे मनात ठेवलं नाही, 'मी' म्हणून लिहिलं आणि रोमच्या अख्ख्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, पत्र धाडलं. मी चार वर्षांत एकाही माणसाला सांगितलं नव्हतं, फक्त देवाला सांगत होतो, आणि खरं सांगायचं तर ते सोपं होतं म्हणून.

आमच्या मंडळीतले एक काका आहेत, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. रोज सकाळी साताऱ्यातल्या 'चार भिंती' स्मारकाच्या टेकडीवर फिरायला जातात. गेलो त्यांच्याबरोबर आणि चढ चढतानाच सगळं सांगून टाकलं, धाप लागलेली त्यामुळे रडणं लपलं. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आंबेनळी घाटात मी उतार लागायच्या आधीच गिअर खाली टाकायचो. उतारावर नुसत्या ब्रेकच्या भरवशावर राहिलास तर ब्रेक तापतो आणि ऐन वळणावर लागत नाही. तू रोज रात्री मोह आल्यावर प्रार्थनेला बसतोस लेका, संध्याकाळी काय करतोस?" आणि मग, "घरी सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं. त्याच दिवशी सांगितलं. ही चिडली नाही, आतल्या खोलीत गेली, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गप्प होती आणि मग एवढंच म्हणाली, "आणि मी ओवा उकळत बसले होते." मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता बँकेचे मेसेज तिच्या नंबरवर येतात. टेलिग्राम काढून टाकलं. रात्री नऊला जेवण झालं की फोन स्वयंपाकघरात फ्रिजवर चार्जिंगला, आणि आम्ही दोघं एक स्तोत्र वाचतो, कधी कधी पोरगी वाचते, अडखळत. तरी ऑक्टोबरमध्ये एकदा घसरलो, ऑफिसातल्या एकाच्या फोनवरून 200 रुपये लावले. फरक एवढाच की संध्याकाळच्या आत काकांना सांगितलं आणि हिलाही. आधी असं झालं की महिनाभर बायबल उघडायची लाज वाटायची, आणि त्या महिन्यात आणखी खेळायचो. या वेळी त्याच रात्री स्तोत्र वाचलं, आवाज फुटत नव्हता तरी वाचलं.

अजून रात्री दोनला जाग येते. अंगाला सवय आहे ती. उठून पाणी पितो, फ्रिजवर फोनचा हिरवा ठिपका दिसतो, प्रभूचं नाव घेतो आणि परत येऊन पडतो.

सकाळी पावणेसहाला काका खाली हाक मारतील. झोपतो.