ठाण्याचा किल्ला, बाहेरून

तलावपाळी, जांभळी नाका करत आम्ही कोर्ट नाक्याकडे निघालो. किल्ला बघायचा होता. म्हणजे बाहेरूनच, कारण आत मध्यवर्ती कारागृह आहे. सोबत आमच्या सोसायटीतले काका, लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले.

पोर्तुगीजांनी 1730 च्या सुमारास हा किल्ला बांधायला घेतला आणि 1737 मध्ये तो मराठ्यांनी जिंकला. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे 1816 मध्ये इंग्रजांच्या कैदेतून इथूनच पळाले, ही गोष्ट ठाणेकर अजून चवीने सांगतात. मला मात्र 1774 चा डिसेंबर आठवत होता. इंग्रज हल्ला करून आत घुसले आणि आतली बहुतेक शिबंदी कापली गेली.

‘‘सैनिक बेभान झाले, असं म्हणाले असतील,’’ काका म्हणाले. ‘‘अरे, बेभान झालेल्याला आवरायलाच तर वर साहेब असतो!’’

तटाच्या कडेने चालताना यामाशिताचा विषय निघाला. फिलिपिन्समधल्या जपानी फौजांनी कैद्यांवर आणि नागरिकांवर अत्याचार केले, म्हणून या सेनापतीवर 1945 मध्ये मनिलात खटला चालला. हुकूम दिल्याचा आरोप नव्हताच. आपली माणसं आवरली नाहीत, हाच गुन्हा. माझा फौजेशी संपर्कच तुटला होता, असा त्याचा बचाव होता. 1946 च्या फेब्रुवारीत तो फासावर गेला. मला हा निकाल पूर्ण पटत नाही, पण त्यातलं तत्त्व पटतं. 1949 च्या जिनिव्हा करारातही युद्धकैदी पकडणाऱ्या तुकडीच्या नव्हे, शत्रूराष्ट्राच्या ताब्यात असतो, असं स्पष्ट लिहिलंय.

पण यामाशिता हरलेल्या बाजूचा होता. इराकमधल्या अबू गरीब तुरुंगात अमेरिकी सैनिकांनी केलेल्या कैद्यांच्या छळाचे फोटो 2004 मध्ये जगाने पाहिले, तेव्हा तुरुंगात गेले ते खालचे शिपाई. एका महिला ब्रिगेडियर जनरलला कर्नल केलं, बस्स.

‘‘आणि कालिया?’’ काकांनी विचारलं.

कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांचे पाच जवान 1999 च्या मे महिन्यात, कारगिलच्या काकसर भागात पाकिस्तानी फौजेकडून पकडले गेले. जूनमध्ये परत आले ते छिन्नविच्छिन्न मृतदेह. पाकिस्तानने हात झटकले. 2012 मध्ये वडील सर्वोच्च न्यायालयात गेले, प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्या म्हणून. पलीकडच्या एकाही अधिकाऱ्यावर त्याबद्दल खटला चाललेला नाही. युद्धगुन्ह्यांसाठी हेगला वेगळं न्यायालय आहे, पण त्याच्या करारावर ना आपली सही, ना त्यांची.

‘‘सही केली तर उद्या आपल्या साहेबांनाही जाब द्यावा लागेल,’’ मी म्हटलं.

‘‘मग द्यावा की!’’ काका म्हणाले. रस्त्यावरचे दोघे वळून बघायला लागले.