मनातले मांडे संपले, खापरावरचे सुरू (आखाजीपर्यंतचा अपडेट)

मंडळी, मांड्यांचं, म्हणजे खापरावरच्या पुरणपोळ्यांचं, काय झालं असं विचारणाऱ्यांसाठी आधी निकाल सांगून टाकतो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरातल्या सगळ्यांना पुरले एवढे मांडे खापरावरून उतरले, बरेचसे अखंड, काही फाटके, आणि फाटके आधी संपले कारण ते पोरांनी गच्चीवरच उभ्या उभ्या खाल्ले. पोळी आता मनगटापासून कोपरापर्यंत जाते. सासूबाईंची कोपराच्याही वर जाते, त्यामुळे फार उड्या मारत नाहीये, पण खूश आहे.

नवीन लोकांसाठी थोडक्यात, मी पक्का नाशिककर, आमच्याकडे पुरणपोळी म्हणजे तव्यावरची, वर तूप, बाजूला कटाची आमटी, विषय संपला. सासुरवाडी अमळनेर. तिकडे खापरावरची पोळी, म्हणजे पोळपाटावर फक्त सुरुवात करायची, मग पोळी दोन्ही हातांवर घेऊन फिरवत फिरवत मोठी करायची आणि पालथ्या मातीच्या खापरावर टाकायची. बायकोला हे येत नाही आणि शिकायची इच्छाही नाही, ती म्हणते मी लहानपणी खूप पुरण वाटलंय, माझा कोटा संपला. मग मीच घेतलं अंगावर. शिफ्टची नोकरी असल्यामुळे दुपारी घरी असतो, तेव्हा सराव.

आता मुद्द्याचं. सुरुवातीला मला वाटायचं की सगळा खेळ हाताचा आहे, मनगट कसं फिरवायचं, बोटं कुठे ठेवायची, त्याचे व्हिडिओ बघून बघून डोळे दुखले. आता माझं मत असं आहे की हाताचं काम थोडं, पिठाचं आणि पाण्याचं जास्त. पीठ बरोबर असेल तर पुरणाच्या वजनानेच पोळी खाली ओढली जाते, आपण फक्त ती फिरवत राहायची. पीठ चुकलं असेल तर सासूबाईंच्या हातातही फाटते, मी डोळ्यांनी बघितलंय (हे त्यांना सांगू नका).

गहू. आधी दुकानातलं नेहमीचं लोकवन वापरत होतो, पोळ्यांना मस्त, पण मांड्याला ताण कमी पडायचा. कंपनीतला एक मित्र निफाडचा, त्याच्या घरचा त्र्यंबक गहू मिळाला. निफाडच्या कृषी संशोधन केंद्राने काढलेले वाण आहेत हे, नावं ऐकूनच नाशिकच्या माणसाला बरं वाटतं, त्र्यंबक, तपोवन, गोदावरी. यातले त्र्यंबक आणि तपोवन सरबती (पोळ्यांचा गहू), गोदावरी बन्सी (रव्याचा गहू). बन्सीत प्रथिनं भरपूर म्हणून मी मोठ्या आशेने तोही करून बघितला पण ते पीठ ताठ, ओढलं की आखडतं आणि मग तुटतं, त्याचा रवा-शेवया कराव्यात हेच बरं. गव्हात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन अशी दोन प्रथिनं असतात, पाणी मिळालं आणि मळलं की त्यांचं जाळं तयार होतं, ग्लुटेनिनमुळे ताकद येते आणि ग्लायडिनमुळे ढील मिळते, मांड्याला दोन्ही हवं. आणि कोंडा या जाळ्याला कापतो. म्हणून जुन्या बायका पीठ वस्त्रगाळ करायच्या, चाळणीने भागत नाही, सुती ओढणी नाहीतर पातळ धोतर पातेल्यावर बांधायचं आणि हाताने पीठ फिरवत बसायचं, दोन वाट्या पडायला अर्धी दुपार जाते आणि भुवया पांढऱ्या होतात.

सासूबाईंचं म्हणणं की गहू आधी ओलवून, थोडा वेळ कापडात बांधून ठेवून मग दळायचा, म्हणजे सालाचे मोठे पापुद्रे निघतात आणि कापडावरच राहतात. हे तर मोठ्या रोलर मिलमध्येही करतात, टेम्परिंग म्हणतात त्याला. पण आमच्याजवळचा चक्कीवाला ओलसर गहू बघूनच हात जोडतो, म्हणतो दगडाला पीठ चिकटलं की माझा दिवस गेला. त्याचंही बरोबर आहे. शेवटी तोडगा असा निघाला की गहू अगदी थोडा ओलवायचा, हाताला ओल लागणार नाही इतपत, आणि रात्री चक्की बंद करायच्या आधी शेवटचं दळण आपलं.

मळणं. पिठात मीठ घालून आधी घट्ट गोळा, मग तो गोळा चक्क पाण्यात बुडवून ठेवायचा. मी तासभर ठेवतो. मग परातीत घेऊन पाण्याचा हात लावत लावत, नंतर तेलाचा हात लावत तिंबायचं, आपटायचं, ओढायचं, पुन्हा गोळा. पहिल्यांदा हे व्हिडिओ कॉलवर दाखवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "जवाईबापू, पीठले पानी कमी पडनं." मी म्हटलं अजून घातलं तर पातळ होईल. "होऊ द्या." त्या घालत सुटल्या, म्हणजे मी घालत सुटलो, पीठ हाताला चिकटून पार कोपरापर्यंत आलं, बायको दारात उभी राहून हसतेय, आणि मग दहा-पंधरा मिनिटं आपटल्यावर एकदम ते हात सोडायला लागलं. चिमूटभर घेऊन ओढलं तर असा पातळ पडदा झाला की पलीकडून माझ्या बोटाच्या रेषा दिसत होत्या! तो क्षण भारी होता, मी लगेच लेकीला फोटो काढायला लावला, फोटोत काहीच कळत नाही, नुसतं बोट दिसतंय.

पुरणाचं फार सांगत नाही, तुम्हाला सगळ्यांना येतं. हरभरा डाळ आणि गूळ बरोबरीने, वेलची, जायफळ, सुंठ. फक्त एक, डाळीचा एकही कण राहता कामा नये. तव्यावरच्या पोळीत एखादा कण खपून जातो, इथे पोळी हातावर असताना तो कण असेल तिथूनच भोक पडतं. पुरणयंत्राच्या सगळ्यात बारीक जाळीतून काढतो. आणि पुरण-कणीक एकसारखी मऊ पाहिजे, हा नियम तव्यालाही आहे पण तिकडे लाटणं सांभाळून घेतं.

आता रंगपंचमी. नाशिकमध्ये खरा रंग होळीला नाही, रंगपंचमीलाच असतो हे बाहेरच्यांना सांगावं लागतं, पेशवाईतल्या रहाडी (रंगाचे मोठे हौद) उघडतात, लोक त्यात धपाधप उड्या मारतात. ताई आणि दाजी पोरांना घेऊन तिवंध्याची रहाड बघायला गेले होते, परत येतील तेव्हा गरम गरम मांडे असा माझा प्लॅन. गच्चीवर विटांची चूल, खापर छान तापलेलं, पहिली पोळी हातावर घेतलेली. भाचा जिना चढून वर आला तो पिचकारी भरूनच. मला मारायला गेला, मी पोळीसकट बाजूला झालो, आणि सगळं पाणी खापरावर. टक् असा आवाज आला, फार मोठा नाही, आणि वरून खालपर्यंत एक बारीक रेष. तापलेली माती वरून एकदम थंड झाली की आकसते, आत गरमच असते, मग चीर जाणारच, पण हे शास्त्र भाच्याला सांगण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो. ताईने त्याला रागवायला तोंड उघडलं तर दाजी म्हणतात, "जाऊ दे गं, खापर काय, कुंभाराकडे मिळतं." हातावरची पोळी तोवर खाली उतरून उतरून माझ्या दंडाला लागली होती.

खापर कुंभाराकडे मिळतं हे दाजींनी सोपं करून सांगितलं. माठ, रांजण, पणत्या सगळं मिळतं इथे, पण मांड्याचं म्हणजे पाठ गुळगुळीत, जाडी सगळीकडे सारखी, असं खापर मला काही मिळेना. आई म्हणाली, मुक्ताईलाही खापर मिळालं नव्हतं. ती गोष्ट माहितीच असेल, निवृत्तीनाथांना मांडे खावेसे वाटले, विसोबांनी कुंभारांना दम दिला की हिला खापर द्यायचं नाही, मग ज्ञानेश्वरांच्या पाठीवर भाजले. निवृत्तीनाथ म्हणजे आपल्या त्र्यंबकचेच, समाधी तिथे, तेव्हा या पदार्थावर नाशिकचाही थोडा हक्क आहे असं मी सासूबाईंना ऐकवलंय. आमच्याकडे विसोबाचं काम भाच्याने केलं. पाठ द्यायला कोणी तयार होईना.

शेवटी नवीन खापर सासूबाईच घेऊन आल्या, अमळनेरहून धुळे-मालेगाव करत एसटीने, मांडीवर गोधडीत गुंडाळून, कंडक्टरने वर ठेवा म्हटलं तरी ठेवलं नाही. नवीन खापर रात्रभर पाण्यात ठेवलं, उन्हात वाळवलं, मग तेल पुसून आधी मंद आणि मग हळूहळू जाळ वाढवत तापवलं. फुटक्या खापरात माती भरून आईने कोथिंबीर लावली आहे.

हाताच्या केसांचा मुद्दा राहिला. हसू नका. पोळी मनगटापर्यंत होती तेव्हा प्रश्न नव्हता, कोपराकडे सरकायला लागली तशी केसांना चिकटून खेचली जायची आणि तिथेच फाटायची. मी तेल लावलं, पिठी लावली, दोन्ही एकत्र लावलं तर हाताला खळ तयार झाली. मेहुणीने काही न बोलता वॅक्सच्या पट्ट्या आणून टेबलावर ठेवल्या. पहिली पट्टी ओढली तेव्हा मी जे ओरडलो ते खालच्या मजल्यावरून विचारायला आले. पण खरं सांगतो, फरक पडतो. कंपनीत फुल शर्ट घालून जातोय.

जळणासाठी नाशिकमध्ये एप्रिलसारखा महिना नाही, द्राक्षाची खरड छाटणी चालू असते, बागेच्या बांधावर काड्यांचे ढीग पडलेले असतात. निफाडवाल्यानेच दोन पोती दिली. वाळलेल्या काड्या पटकन पेटतात, जाळ भसकन उठतो, पण निखारा धरत नाहीत. म्हणून खाली बाभळीची लाकडं आणि खापर थंड पडतंय वाटलं की वरून मूठभर काड्या. खापराचं हेच आहे, मधला घुमट तापलेला हवाच पण पोळीच्या कडा खाली लोंबतात, जाळ बाहेर आला की त्या कडा काळ्या. पाण्याचा शिपका मारून बघतात ते मी आता करत नाही, कारण वर सांगितलंय. चिमूटभर पीठ टाकतो, ते सावकाश बदामी झालं पाहिजे, लगेच काळं पडलं तर थांबायचं.

धुराचं प्रकरण सोसायटीत गाजलं. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साड्यांवर राख उडाली, ग्रुपवर फोटो आला, "गच्ची सर्वांची आहे" वगैरे. बायकोने जाऊन दोन मांडे आणि वाटीभर रशी (तिकडची आमटी) दिली. फोटो डिलीट झाला नाही पण खाली काकूंनीच "रेसिपी मिळेल का" असं टाकलं.

आखाजीच्या दिवशी पहाटेच उठलो. सासूबाईंकडे आखाजीला घागर भरेपर्यंत आंबा तोंडात घालत नाहीत, आणि आमच्याकडे तर पाडव्यापासून पेटी आणून चालू असते, तर यंदा त्या घरात असल्यामुळे केशरची पेटी दिवाणाखाली आणि आम्ही सगळे तिच्या वासात दिवस काढतोय. मातीची घागर भरली, वर आंबा आणि डांगर (खरबूज), पितरांचा नैवेद्य. आगारीला, म्हणजे पितरांना विस्तवावर नैवेद्य द्यायला, निखारा लागतो, दरवर्षी गॅसवर गोवरी पेटवायचा कार्यक्रम असायचा आणि घरभर धूर. यंदा गच्चीवरच्या चुलीतलाच बाभळीचा निखारा खाली आणला. सासूबाईंनी त्यावर तूप सोडलं, पहिल्या मांड्याचा तुकडा ठेवला, सासऱ्यांचं नाव घेतलं. पहिला मांडा माझ्या हातचा होता. त्यांनी तो आधी उजेडात धरून बघितला होता, पुरण कडेपर्यंत गेलंय का ते, मग चौघडी घालून ठेवला. कौतुक वगैरे नाही. "ह्या बाजूला जाड राहिली", एवढंच.

नंतर पंगत. रस, मांडे, रशी, भात, कुरडया, भजी. बाबांना शुगर आहे म्हणून अर्धाच मांडा वाढायचं ठरलं होतं, पण चौघडी घातलेल्या मांड्याचा अर्धा म्हणजे नक्की किती यावर त्यांनी वाद घातला आणि जिंकले. लेक रसात बोट बुडवून बुडवून नुसत्या कुरडया खात होती. भाच्याला पिचकारी आणायला बंदी होती, त्याने येताना आठवणीने रिकामे हात दाखवले.

गॅसवर कसं जमेल असं ज्यांनी विचारलं होतं त्यांच्यासाठी: करून बघितलं, घरच्या बर्नरवर खापराचा मधला भाग लाल होतो आणि बाजू कोमट राहतात, पोळी मधे करपते, कडा कच्च्या. पालथी लोखंडी कढई त्यापेक्षा बरी, कारण लोखंडात उष्णता पसरते, पण कढईवर पोळी लवकर कडक होते, उतरवल्या उतरवल्या घडी घालून कापडात गुंडाळावी लागते. भट्टीची मोठी शेगडी कोणी वापरली असेल तर सांगा, पावसाळ्यात गच्ची बंद होणार आहे.

पुढचं काम आधीच ठरलंय. यंदा (२०२६) ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे पासून. म्हणजे जावयाला अनारशांचं वाण, तीस आणि तीन, तेहतीस. मी जरा ऐटीत सासूबाईंना आठवण करून दिली. त्या म्हणाल्या, "वाण आम्ही देऊ, अनारसे तुम्ही करा, हात बसलाय आता तुमचा." तांदूळ आजच भिजत घातलेत. तीन दिवस रोज पाणी बदलायचं, मग निथळून दळायचे, गूळ घालून गोळे करून ठेवायचे. जुना तांदूळ घ्या असं सगळे सांगतात, पण आंबेमोहोर चालतो का साधा कोलम बरा, यावर घरात दोन पार्ट्या पडल्या आहेत. ज्यांच्या जाळ्या छान पडतात त्यांनी तांदूळ कुठला वापरता ते लिहा, दळणाला अजून तीन दिवस आहेत.