युरोपात बॅक्टेरिया विका, पण नाव घेऊ नका

युरोपातल्या गट हेल्थ म्हणजे पोटा-आतड्याच्या आरोग्याच्या मार्केटवरचा कुठलाही रिपोर्ट उघडा, ग्राफ वरच चाललेला दिसतो. कॅप्सूल, छोट्या बाटल्या, बाळांचे ड्रॉप्स, आता तर फेस क्रीमसुद्धा. पण खरी मजा ही आहे की हे सगळं वाढतंय अशा ठिकाणी जिथे बऱ्याच देशांत पाकिटावर प्रोबायोटिक (तब्येतीला चांगले म्हणून घेतले जाणारे जिवंत बॅक्टेरिया) हा शब्दच छापता येत नव्हता!

झालं असं की 2006 साली युरोपियन युनियनने नियम केला, खाण्याच्या वस्तूवर तब्येतीचा दावा करायचा तर आधी मंजुरी घ्या, आणि 2007 मध्ये युरोपियन कमिशनने सांगितलं की "यात प्रोबायोटिक आहे" एवढं म्हणणं हासुद्धा दावाच. मग कंपन्यांनी शेकडो दावे पाठवले आणि इटलीत पार्माला बसलेल्या एफ्सा या युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने जवळपास सगळे परत पाठवले, कुठे स्ट्रेनची म्हणजे बॅक्टेरियाच्या नेमक्या उपप्रकाराची ओळखच नीट दिलेली नाही, कुठे अभ्यास आजारी लोकांवर केलाय आणि विकायचंय धडधाकट माणसाला. 2010 मध्ये डॅनोन या मोठ्या डेअरी कंपनीने ॲक्टिमेल आणि ॲक्टिव्हिया या आपल्या प्रोबायोटिक ब्रँडचे अर्ज स्वतःच मागे घेतले. पास काय झालं तर योगर्टमधल्या जिवंत कल्चरमुळे लॅक्टोज पचायला मदत होते, तेही ग्रॅमला किमान 10 कोटी बॅक्टेरिया असतील तर.

आता बंद पडायला हवं होतं ना दुकान? छे. बाटलीत व्हिटॅमिन डी आणि बी6 घातलं, त्यांचा इम्युनिटीचा दावा आधीच मंजूर आहे, मग पुढच्या बाजूला इम्युनिटी लिहायला मोकळे. वाचणाऱ्याला वाटतं बॅक्टेरियाचं काम आहे, कागदावर ते व्हिटॅमिनचं असतं. बेकायदेशीर काहीच नाही, पण मला हे जरा चलाखीचंच वाटतं.

त्यात परत प्रत्येक देशाचं वेगळं. इटलीने दिवसाला 100 कोटी जिवंत पेशी वगैरे अटी घालून प्रोबायोटिक शब्द चालू दिला, स्पेनने 2020 मध्ये दार उघडलं, म्हणजे एकाच सिंगल मार्केटमध्ये तोच डबा बॉर्डर ओलांडली की लेबल बदलणार. जर्मनीत तर ई. कोलाय निस्ले 1917 हा स्ट्रेन चक्क औषध म्हणून मिळतो, पहिल्या महायुद्धातल्या एका सैनिकाच्या पोटातून काढलेला, ती वेगळीच स्टोरी आहे.

माझ्या मते सगळ्यात हुशार रस्ता ॲकरमॅन्सिया हा आतड्यातला बॅक्टेरिया विकणाऱ्यांनी काढला. बेल्जियमची कंपनी, बॅक्टेरिया पाश्चराइज केलेला म्हणजे मेलेला, आणि अर्ज नॉव्हेल फूडचा, म्हणजे युरोपात आधी खाल्ला न जाणारा नवा पदार्थ म्हणून. तिथे फायदा होतो का हे कोणी विचारतच नाही, फक्त सुरक्षित आहे का एवढंच बघतात. एफ्साने 2021 मध्ये हो म्हटलं, 2022 मध्ये विक्रीची परवानगी आली आणि 2025 मध्ये ती कंपनी कोणी घेतली? डॅनोननेच.

घरी सॅम्पल घेऊन स्टूल टेस्ट करायचे जे किट विकतात त्यांच्यापासून मात्र मी लांबच राहीन, कारण निरोगी मायक्रोबायोम (आतड्यातल्या सगळ्या सूक्ष्मजीवांचा समूह) नेमका कसा दिसतो यावर शास्त्रज्ञांचंच अजून एकमत नाही आणि हे लोक 100 पैकी स्कोअर देतात.

आणि हो, 2024 मध्ये युरोपने रक्त, पेशी वगैरेंसाठी नवीन कायदा केला त्यात फीकल ट्रान्सप्लांटसाठी (निरोगी माणसाची विष्ठा रुग्णाच्या आतड्यात सोडायचा उपचार) दिलेली विष्ठासुद्धा आली, ऑगस्ट 2027 पासून लागू. म्हणजे ब्लड डोनर ज्या कायद्याखाली, त्याच कायद्याखाली स्टूल डोनरही.