डेथला मराठीत काय म्हणायचं?

आईला इंग्रजी सिनेमा समजत नाही आणि मला एकट्याने बघवत नाही, म्हणून ‘अ बँड कॉल्ड डेथ’ या माहितीपटाची मराठी सबटायटल्स घरच्या घरी करायला घेतली. अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या हॅकनी घरातले डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस हे तीन सख्खे भाऊ ‘डेथ’ या नावाने पंक, म्हणजे वेगवान, आक्रमक रॉक संगीत, वाजवत होते, तेव्हा त्या प्रकाराला पंक हे नावही रुळलं नव्हतं. (आपल्याकडे पंक म्हणजे चिखल. फार चुकीचं नाही.)

ओळी उमटायच्या वेळा इंग्रजी फाइलमधल्याच ठेवल्या. गाडी अडली लांबीपाशी. पडद्यावर फार तर दोन ओळी मावतात, आणि आई सावकाश वाचणारी. पहिल्या खेपेला शब्द न् शब्द उतरवला, तर ओळ वाचून होईपर्यंत बोलणारा माणूस गायब. मग निर्दयपणे कापाकापी केली. फाइल यूटीएफ-८मध्ये (देवनागरी अक्षरं टिकवणाऱ्या पद्धतीत) सेव्ह करायची राहिली, तेव्हा नुसती प्रश्नचिन्हं उमटली. पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला, तर जोडाक्षरं फुटली आणि वेलांट्या भलतीकडे. शेवटी लॅपटॉपच केबलने जोडला.

पण आठवडा खाल्ला तो बँडच्या नावाने. ‘मृत्यू’ लिहावं, तर यमाचा रेडा डोळ्यांपुढे येतो. आईला विचारलं. ती म्हणाली, “मुलं जगत नसली की धोंडू, दगडू नावं ठेवायचे, हे कसलं अभद्र? बदलायचं की!”

नेमकं हेच अमेरिकन रेकॉर्ड कंपन्यांमधलं बडं प्रस्थ असलेल्या क्लाइव्ह डेव्हिसचं म्हणणं होतं. १९७५मध्ये या भावांच्या रेकॉर्डिंगला पैसा त्याचा होता, पण नाव बदला म्हणाला. वडील अपघातात गेल्यावर डेव्हिडने हे नाव धरलं होतं. तो हटला नाही, करार बुडाला. १९७६मध्ये भावांनी पदरमोड करून एका तबकडीच्या ५०० प्रती काढल्या, त्यांना कुणी फारसं विचारलं नाही. २००० साली डेव्हिड कॅन्सरने गेला. त्या जुन्या गाण्यांचा अल्बम आला थेट २००९मध्ये.

ज्याने करार सोडला पण नाव सोडलं नाही, त्याचं नाव मी बदलणार? ‘डेथ’च ठेवलं. फक्त नावाचा अर्थ सांगतात तिथे ‘मृत्यू’ लिहिलं.

रविवारी दोघं बघायला बसलो. डेव्हिडने जाण्याआधी टेप बॉबीच्या हवाली केल्या, जग एक दिवस त्या शोधत येईल म्हणाला, तिथे आईने चष्मा काढला.

“थांबव रे,” ती म्हणाली, “वाचायचं राहिलं.”