चार पांढरी पिसं आणि अबू क्लेआचा चौकोन

शेखर कपूरच्या २००२ सालच्या ‘द फोर फेदर्स’मध्ये एक मोठी लढाई आहे. लाल कोटातले इंग्रज वाळवंटात चौकोन करून उभे राहतात, महदीचे (सुदानमधल्या बंडाच्या धार्मिक नेत्याचे) घोडेस्वार चहूबाजूंनी तुटून पडतात, लांबून मदतीला लाल कोटांचं घोडदळ येताना दिसतं, चौकोनात जल्लोष होतो, आणि मग कळतं की कोट इंग्रजांचे असले तरी आतली माणसं महदीची आहेत. चौकोन फुटतो, माघारीचं बिगुल वाजतं. लढाईचं नाव अबू क्लेआ.

या नावाची लढाई खरोखर झाली, १७ जानेवारी १८८५ रोजी. चौकोनही खरोखर फुटला. पण इंग्रज हरले नाहीत, अंगात लाल कोटही नव्हते आणि फुटण्याचं कारण कुणाचा वेषपालट नव्हता. ते खरं कारण या सिनेमाच्या विषयाला फार जवळचं आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

आधी पिसांचं. हॅरी फेव्हरशॅम हा लष्करी घराण्यातला तरुण अधिकारी. पलटण सुदानला निघणार म्हटल्यावर तो राजीनामा देतो. तीन मित्र एकेक पांढरं पीस देतात, चौथं वाग्दत्त वधूकडून. पांढरं पीस हे भित्रेपणाचं चिन्ह आलं कोंबड्यांच्या झुंजीतून: शेपटीत पांढरं पीस असलेला कोंबडा अस्सल जातीचा नाही, तो पळणार, अशी समजूत होती. आता यातली मेख बघा. राजीनामा देणं हा गुन्हा नव्हता. रणांगणातून पळणाऱ्याला कोर्ट मार्शल होतं, पण निघण्याआधी रीतसर कागद देणाऱ्या अधिकाऱ्याला कायदा हात लावू शकत नव्हता. म्हणून शिक्षा जेवणाच्या टेबलावरच्या मंडळींनी दिली. ए. ई. डब्ल्यू. मेसनची मूळ कादंबरी १९०२ची. बारा वर्षांनी, ऑगस्ट १९१४मध्ये, फोकस्टन गावी ॲडमिरल चार्ल्स फिट्झजेराल्ड यांनी बायकांच्या हाती खरीखुरी पिसं देऊन साध्या कपड्यातल्या तरुणांना वाटायला लावली. कादंबरीतला खेळ रस्त्यावर आला.

आता चौकोन. इंग्रज जनरल गॉर्डन सुदानच्या राजधानीत, खार्टूममध्ये, महदीच्या वेढ्यात अडकला होता. त्याच्याकडे लवकर पोचायचं म्हणून नाईलचा मोठा वळसा सोडून हर्बर्ट स्टुअर्टची तुकडी उंटांवरून बयूदा वाळवंट ओलांडत होती. अबू क्लेआच्या विहिरी महदीच्या माणसांनी रोखलेल्या. पाणी तर हवंच. मग सुमारे १,४०० माणसांनी उंटांवरून उतरून चौकोन केला आणि पायी पुढे निघाली.

उभा चौकोन सोपा असतो. चार बाजू, प्रत्येक बाजूला दोन रांगा, संगिनी बाहेर, मध्ये दारूगोळा, पाणी, जखमी आणि उंट. शत्रू कुठूनही आला तरी समोर बंदूकच. अवघड असतो तो चालता चौकोन. पुढची बाजू माणसांच्या चालीने जाते, मधले उंट उंटांच्या चालीने. जमीन खाचखळग्यांची. उंट मागे रेंगाळले की मागची बाजू फुगते, आणि मागचा कोपरा सैल पडतो. अबू क्लेआला डावीकडचा मागचा कोपरा असाच सैल पडला.

त्यातून मागची बाजू होती हेवी कॅमल रेजिमेंटकडे. नावात उंट असले तरी ही निरनिराळ्या घोडदळांतून निवडलेली माणसं. घोडा आणि तलवार यावर पोसलेली. घोडेस्वाराची सवय अशी की धोका दिसला की त्याच्या अंगावर जायचं. चौकोनातल्या पायदळाला शिकवतात ते उलटं: काही झालं तरी शेजाऱ्याचा खांदा सोडायचा नाही.

आणि एक गार्डनर तोफ. पाच नळ्या, हाताने फिरवायचा दांडा, आरमारी खलाशांच्या ताब्यात, हुकूम लॉर्ड चार्ल्स बेरेसफोर्डचा. हल्ला डाव्या मागच्या कोपऱ्याकडे वळला तशी बेरेसफोर्डने तोफ चौकोनाच्या बाहेर काढली, माऱ्याला मोकळी जागा मिळावी म्हणून. सत्तरेक गोळ्या सुटल्या आणि नळी अडकली. काडतुसाची बुडाची चकती निखळून कवच आतच राहिलं होतं. ते काढायचं तर वरची फीड प्लेट, म्हणजे काडतुसं आत सोडणारी पट्टी, उघडायची. बेरेसफोर्ड आणि एक खलाशी स्क्रू काढत वाकले असतानाच भालेवाले येऊन भिडले. खलाशी तिथेच मारला गेला, बेरेसफोर्ड तोफेखाली ढकलला गेला म्हणून वाचला. (पुढे एका गाजलेल्या इंग्रजी कवितेने ही तोफ गॅटलिंग, म्हणजे दुसऱ्याच बनावटीची, करून टाकली. वृत्तात बसली असावी.)

तोफेला आडोसा द्यावा म्हणून कर्नल फ्रेड बर्नबीने हेवीजच्या काही माणसांना बाहेरच्या बाजूला वळवलं. झालं, कोपऱ्याला भगदाड. बर्नबी गळ्यात भाला लागून पडला. हा गडी रजा टाकून हौसेने लढाईला आलेला, त्याच्या शौर्याबद्दल कुणाला शंका नव्हती. भगदाड पाडलं ते त्याच्याच धडाडीने.

मग आत शिरलेल्यांना अडवलं कुणी? उंटांनी. मधल्या उंटांच्या गर्दीत हल्ल्याचा जोर मोडला, तेवढ्यात पुढच्या बाजूच्या मागच्या रांगेने तोंड फिरवून आतल्या बाजूला गोळीबार केला. हे सगळं जेमतेम दहा-पंधरा मिनिटांत आटोपलं. इंग्रजांचे ७४ मेले, चौकोनाभोवती महदीच्या बाजूची सुमारे १,१०० प्रेतं मोजली गेली. तुकडीला पाणी मिळालं. गॉर्डनला मात्र मदत पोचली नाही. २६ जानेवारीला खार्टूम पडलं, पहिल्या बोटी २८ला दिसल्या.

बंदुकीचंही तेच दुखणं. मार्टिनी-हेन्री ही एकबारी बंदूक, खालचा दांडा ओढला की रिकामं काडतूस बाहेर. सरावलेला शिपाई मिनिटाला बारा गोळ्या झाडतो. पण काडतूस पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेलं, बूड लोखंडी. नळी तापली, वाळू गेली की पत्रा आत चिकटतो, दांडा नुसतं बूड ओरबाडून आणतो. सिनेमात हॅरीचा मित्र जॅक डरन्स याचे डोळे बंदूक उलटी फुटल्याने जातात. याच कादंबरीवरच्या १९३९च्या सिनेमात ते उन्हाच्या झटक्याने जातात. तपशील म्हणून कपूरचा जास्त पटतो.

लाल कोटांचं मात्र पटत नाही. स्टुअर्टच्या तुकडीच्या अंगावर करड्या रंगाचे कोट होते. पिवळ्या वाळूवर लाल रंग कॅमेऱ्याला आवडतो हे खरं, आणि रॉबर्ट रिचर्डसनचं चित्रण देखणं आहेच. पण वेषपालटाची युक्ती घालून आणि लढाई हरवून पटकथेने मूळ गोष्ट हातची घालवली. दगा झाला म्हणून चौकोन फुटला, असं दाखवलं की प्रश्न मिटतो. खऱ्या लढाईत दगा नव्हता. एक अडकलेलं काडतूस होतं आणि जागा सोडून पुढे झालेले शूर लोक होते. मित्राच्या हातात पीस ठेवणाऱ्यांना हे दिसलं असतं तर सिनेमाला वेगळीच धार आली असती.

मराठी वाचकाला इथे नेसरी आठवणारच. बहलोलखानाला उमराणीला सोडलं, महाराजांचा ठपका जिव्हारी लागला, आणि २४ फेब्रुवारी १६७४ला प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी खानाच्या फौजेवर गेले. ठपका तोच, पण परतफेड एका दौडीत. हॅरीची परतफेड महिनोन् महिने चालते, वेष बदलून, मार खाऊन, महदीवाल्यांच्या ओमदुर्मानच्या तुरुंगात स्वतःहून शिरून. पडद्यासाठी पहिली सोपी, दुसरी अवघड.

अवघड गोष्ट दिग्दर्शक झोल्टान कोर्डाने १९३९मध्ये जास्त नीट सांभाळली. खुद्द सुदानमध्ये जाऊन, टेक्निकलरमध्ये. तिथे शेवटची लढाई ओमदुर्मान, २ सप्टेंबर १८९८: मॅक्झिम तोफा, धूर न होणारी काडतुसं, इंग्रज सेनापती किचनरच्या फौजेचे पन्नासच्या आत मृत्यू आणि समोर दहा हजारांच्या घरात. हॅरीला अरबी येत नाही ही अडचणही त्यांनी छान सोडवली. कपाळावर डाग देऊन त्याला जीभ कापलेल्या जमातीतला मुका बनवला. १९५५मध्ये हाच सिनेमा नव्याने काढला तेव्हा जुनी दृश्यं ताणून सिनेमास्कोपच्या रुंद पडद्यावर बसवली. त्यातले उंट जरा जास्तच लांब आहेत.

कोर्डाच्या सिनेमात वधूचा बाप, जनरल बरोज, दर जेवणाला टेबलावर फळं आणि अक्रोड मांडून क्रिमियन युद्धातली बालाक्लाव्हाची लढाई लढतो आणि आपण चढाईचा हुकूम कसा दिला ते सांगतो. शेवटी परत आलेला हॅरी सगळ्यांसमोर त्याला थांबवतो: हुकूम कुणी दिलाच नव्हता, गोळी चाटून गेली म्हणून तुमचा घोडा सीझर बिथरून पळाला आणि मागची माणसं त्याच्या मागे गेली. चौथं पीस परत करण्यासाठी हॅरीला एवढंच करावं लागतं. म्हातारा चरफडतो, कारण ती गोष्ट आता त्याला पुन्हा सांगता येणार नसते.