बॉस्टन: बीकन हिलच्या मागच्या उतारावर

बॉस्टनला मुलांकडे आलेली आपली मंडळी फ्रीडम ट्रेल या अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या इतिहासाच्या पायवाटेची लाल रेघ धरून चालतात आणि परततात. मीही गेल्या खेपेला तेच केलं. या वेळी आईला घेऊन बीकन हिल या टेकडीवरचा ब्लॅक हेरिटेज ट्रेल केला, म्हणजे इथल्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासाची पायवाट. अंतर जेमतेम अडीच किलोमीटर, पण अर्धा दिवस हाताशी ठेवा.

गाडी नेऊ नका, गल्ल्यांतलं पार्किंग रहिवाशांसाठी राखीव असतं. पार्क स्ट्रीट स्टेशनवर उतरून स्टेट हाउससमोरच्या ब्राँझ शिल्पापासून सुरुवात करा. ही ५४वी मॅसॅच्युसेट्स पलटण, अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेली कृष्णवर्णीयांची पलटण. प्रत्येक कृष्णवर्णीय सैनिकाचा चेहरा वेगळा आहे. आई एकेक चेहरा बघत बराच वेळ उभी होती. सरकारने महिना १३ डॉलर कबूल करून हातात ७ टेकवले, तेव्हा या सैनिकांनी अठरा महिने पगारच घेतला नाही. शिल्पाच्या मागेही जा. तिथे आधी फक्त गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं होती. धारातीर्थी पडलेल्या कृष्णवर्णीयांची कोरायला १९८०चं दशक उजाडलं.

मग जॉय स्ट्रीटवरून स्मिथ कोर्ट. इथलं आफ्रिकन मीटिंग हाउस, म्हणजे कृष्णवर्णीयांचं चर्च, १८०६चं. गुलामगिरीविरोधी संपादक विल्यम लॉइड गॅरिसन आणि सहकाऱ्यांनी १८३२मध्ये गुलामगिरीविरोधी संस्था इथेच स्थापली. पण माझा पाय अडला तो शेजारच्या स्मिथ शाळेपाशी. मॅसॅच्युसेट्समधून गुलामगिरी १७८३च्या सुमारास गेली, तरी कृष्णवर्णीय मुलांची शाळा वेगळीच. छोट्या सारा रॉबर्ट्सला गोऱ्यांच्या पाच शाळा ओलांडून जावं लागे. तिच्या वडिलांनी १८४८मध्ये शहरावर दावा लावला. त्याच वर्षी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू होत होती, हे आठवून अंगावर काटा आला. दावा ते हरले. पण पालकांनी स्मिथ शाळेवर बहिष्कार टाकला, नेट सोडला नाही, आणि १८५५मध्ये राज्याने शाळांतला भेदभाव कायद्याने बंद केला. जोतीरावांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. त्या लोकांत सारासारख्यांचे आईबाप मला आता दिसतात.

शेवटी ६६ फिलिप्स स्ट्रीट, हेडन दांपत्याचं घर. लुईस हेडन स्वतः केंटकीतल्या गुलामगिरीतून निसटलेले. पळून आलेल्या गुलामांना ते इथे आसरा देत. पकडणारे आले तर घर उडवून देऊ, म्हणून दारापाशी बारुदाची पिंपं ठेवली होती, असं सांगतात. घरात आजही लोक राहतात. फुटपाथवरूनच बघा, पायऱ्या चढू नका.

विटांचे फुटपाथ उखडलेले आहेत, तेव्हा चपला नकोत, बूट घाला. हिवाळ्यात बर्फाने उतार निसरडा होतो. मीटिंग हाउसच्या वेळा आदल्या दिवशी बघून ठेवा. परतायला चार्ल्स/एमजीएच स्टेशन जवळ पडतं, पुन्हा टेकडी चढावी लागत नाही.