आज्जींच्या कानाला कळलं

शिलाई मशीन रिक्षातून उतरवली तेव्हा पायडलच्या जाळीत अजून नदीचा गाळ होता. वाळून पांढरा पडलेला, बोटानं दाबला की पीठ होणारा. घर कोल्हापूरजवळच्या आंबेवाडीतलं. २०१९च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी तिथं ४३ फूट. घरातल्यांनी जनावरं हलवली, टीव्ही आणि कागदपत्रं माळ्यावर टाकली, मशीन खालीच राहिली. पुढं कैक वर्षं ती गोठ्याच्या कडेला पोत्याखाली पडून होती.

नातू म्हणाला, "काका, वरची मुंडी भंगारात घालतो. खालच्या स्टँडवर काच बसवून टेबल करून द्या."

असं सांगणारे हल्ली महिन्याला दोन-तीन तरी येतात. बिडाचे पाय हॉटेलात जातात, आणि शिवणारी मुंडी किलोवर विकली जाते. मला ते सहन होत नाही. मी काही बोलणार, एवढ्यात मागून आज्जी पुढं आल्या.

"टेबल न्हाई करायचं. चालू करायची. माझ्या सासूची हाय ती. मिस्त्री, हुतंय का बघा."

मशीन सिंगरची, लांब शटलची. चाकाखाली बेडवर ठोकलेला नंबर 'वाय' अक्षरानं सुरू होत होता, म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातली, १९२०च्या किंवा १९३०च्या दशकातली. कारखाना १९८० साली बंद झाला, तरी त्याच्या दारातल्या रेल्वे स्टेशनचं नाव आजही 'सिंगर'च आहे.

चाक जागचं हलत नव्हतं. कुणीतरी आधी पान्यानं जोर लावलेला, चाकाच्या कडेवर पान्याच्या दातांचे ओरखडे होते. अडकलेल्या मशीनला जोर लावणं हा गुन्हा आहे असं मी मानतो. आत बहुतेक वेळा गंज कमी आणि वाळून लाखेसारखं घट्ट झालेलं जुनं तेल जास्त असतं. रोज सकाळी प्रत्येक तेलाच्या भोकात आणि सांध्यात रॉकेलचे दोन-दोन थेंब सोडायचे, संध्याकाळी शंभरच्या बल्बची ऊब द्यायची, मग हातानं चाक मागं-पुढं जरासं झुलवून बघायचं. नवव्या दिवशी ते गव्हाभर सरकलं. बाराव्या दिवशी सुईदांडी खाली आली. सोबत काळं, चिकट तेल ओघळलं आणि त्यात गाळाचे कण होते.

झाकणाचा एक स्क्रू तुटला. सिंगरच्या स्क्रूंचे आटे त्यांचे स्वतःचे, बाजारातला स्क्रू बसत नाही. उद्यमनगरातल्या माझ्या ओळखीच्या टर्नरनं जुन्याच्या मापावर लेथवर नवा काढून दिला. चामडी पट्टा चप्पल लाईनमधल्या कारागिराकडून कापून आणला.

जास्त जपावं लागलं ते नक्षीला. काळ्या रंगावर सोनेरी स्फिंक्स होता, माणसाचं तोंड आणि सिंहाचं अंग. त्यावर लाखेचा पातळ थर असतो, आपल्या साजाच्या मण्यांत भरतात तीच लाख. पुराच्या ओलीनं तो थर दुधाळ झाला होता. थिनर किंवा स्पिरिट लावलं की थर जातो आणि त्याच्याबरोबर सोनंही जातं. म्हणून नुसतं मशीनचं तेल आणि जुन्या धोतराची चिंधी घेतली. बोटाएवढा भाग पुसायचा, थांबायचं, चिंधी बघायची. चिंधीवर लाल आलं. घाबरलो. नीट पाहिलं तर कुंकू होतं, स्फिंक्सच्या कपाळावर थरावर थर बसलेलं. तेवढी जागा तशीच ठेवली.

तीन आठवड्यांनी दोघं न्यायला आले, त्या दिवसाबद्दल खरं तर मला सांगायचं आहे.

आज्जींनी आधी ते कुंकू बघितलं. "सासूबाई खंडेनवमीला लावायच्या. नरसिंव्ह म्हणायच्या त्येला." मग स्टुलावर बसल्या. चष्मा लावला नाही, दोरा ओवताना बोटं नुसत्या सवयीनं फिरली. चाकाला हात देऊन पायडल सुरू केलं, वीतभर शिवलं आणि थांबल्या. कापड उलटून बघितलं. टाके सरळ होते, दोन्हीकडून सारखे. मी खूश होतो.

"मिस्त्री, आवाज आमच्या मशीनचा न्हाई."

मी कान लावला. फार बारीक टकटक होती, मला ती जुन्या मशीनची नेहमीची वाटली होती.

"ही टकटक नव्हती हिला. सर्र जायाची."

आताच्या मशीनमध्ये गोल बॉबिन केसमध्ये बसते. या मशीनमध्ये बोटाएवढं, एका टोकाला निमुळतं पोलादी शटल असतं. ते होडीसारखं पुढं-मागं झुलतं आणि सुईच्या दोऱ्याच्या फासातून आरपार जातं. आज्जींचं मूळ शटल गंजलेलं म्हणून मी माझ्या डब्यातलं नव्या बनावटीचं घातलं होतं. ते केसभर बारीक होतं, त्यामुळं शटल धरणाऱ्या खोबणीत दर टाक्याला आपटत होतं. तीस वर्षं हे काम करणाऱ्या माझ्या कानाला जे ऐकू आलं नाही, ते त्यांनी वीतभर शिवणीत ओळखलं.

जुनं शटल अजून पुडीत होतं. त्यांना बसवून घेतलं, चहा सांगितला. सगळ्यात बारीक पॉलिश पेपर तेलात भिजवून शटल घासायला घेतलं. अंगावर गंजाचे खड्डे राहिले, पण टोक शाबूत होतं, नखावरून ओढलं तर कुठं अडकत नव्हतं. ताणाची पट्टी सोडवली, तर तिच्याखाली राईएवढा गाळ. तो काढला, पट्टी बसवली, बॉबिन भरून दिली.

आज्जींनी पुन्हा पायडल मारलं. टकटक गेली. त्या काही बोलल्या नाहीत, पिशवीतून उसवलेला परकर काढला आणि नेफा शिवत बसल्या. अख्खा नेफा होईपर्यंत दुकानात दुसरं कुणी बोललं नाही.

रिक्षात मशीन चढवताना नातवानं स्वतः मुंडीखाली हात घातला, मला धरू दिलं नाही. म्हणाला, "आता पाणी ३९ फुटांवर आलं, इशारा झाला की पहिली हीच माळ्यावर."

"आन टीव्ही?" आज्जींनी विचारलं.

"टीव्ही मागनं."